पुस्तकातलं रक्त

बाई, मुंबईच्या प्रशिक्षणात मी एक यंत्र पाहिलं. त्यात रक्तातल्या पेशी एकेक करून लेसरच्या झोतासमोरून जातात आणि प्रत्येकीचा एक ठिपका पडद्यावर उमटतो. आपल्या नागपुरातल्या कॉलेजात ते कुठून येणार? त्या ठिपक्यांचे छापील कागद मी बीएस्सीच्या मुलींपुढे ठेवते. काल एकीनं विचारलं, "मॅडम, हे ठिपके घोळक्याच्या बाहेर पडून राहिले. चुकीचेच असतील. सोडून देऊ?" मला तीस वर्षांपूर्वीचा तुमचा तास आठवला.

पोळा नुकताच झालेला. उकाडा असूनही प्रयोगशाळेतला पंखा बंद, कारण वाऱ्यानं काचेवरचा थेंब वाळतो. आदल्या आठवड्यात मी पिपेटमध्ये तोंडानं रक्त जास्त ओढलं, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "काहून वं, सरबत पिऊन राहिली का?" वर्ग हसला होता. आज कुणी बोट पुढे करेना, म्हणून तुम्ही स्वतःचंच टोचता आणि थेंब माझ्यापुढे धरता. मी खुणेपर्यंतच ओढते. पांढऱ्या पेशी मोजायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावते. काचेवर आखलेल्या एका चौकोनात पस्तीस-चाळीस असायला हव्यात, म्हणजे हिशेबानं सात हजारांच्या आसपास. दीडशे होतात. पुढच्यात त्याहून जास्त. चारही चौकोन मी पुन्हा मोजते. तेच.

"किती आल्या वं?" तुमच्या चपलांचा आवाज माझ्या टेबलाकडे येतो आहे. पुन्हा हसतील सगळ्या.

"सात हजार, बाई."

"अगदी सात हजार? माझं रक्त हाये का पुस्तकातलं?" तुम्हीच हसता आणि जर्नलवर सही करता.

संक्रांतीनंतर तुम्ही शिकवायला आला नाहीत. रक्ताचा कॅन्सर, शिपायानं सांगितलं. आमच्या परीक्षेआधीच तुम्ही गेलात. तेव्हा त्यावर औषध तरी काय होतं, असं मी तीस वर्षं स्वतःला समजावते आहे. पण मधले ते चार महिने तुमचे होते. ते कसे घालवायचे, हे तुम्ही ठरवलं असतं.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, "सोडू नको. आधी तेच मोज." कारण सांगितलं नाही. हे पत्रही माझ्या त्याच जर्नलमध्ये, तुमच्या सहीच्या पानात राहील.

एक सांगायचं राहिलं. सही केल्यावर तुम्ही हात पुढे केला होता, "दाखव बरं जरा." काच धुऊन टाकली, असं मी म्हणाले. बाई, ती माझ्या ओढणीखाली होती. तशीच, भरलेली.