घरी आल्यानंतरचे फोटो

प्रिय चिंगे,

लग्न ठरलं तेव्हा तुझ्या आईनं मला बजावलं होतं, आता चिंगीला नावानं हाक मारायची नाही, वन्सं म्हणायचं. एकाच बाकावर बसून जिच्या वहीतली गणितं उतरवली तिला वन्सं कसं म्हणणार? तेव्हा जमलं नाही, आता तर नकोच. आज मला नणंद नको आहे, मैत्रीण हवी आहे.

दादा तुकडीबरोबर परत आला तेव्हाच्या फोटोची मोठी प्रत मागून तुला बरेच दिवस झाले. रागावली असशील. खरं सांगू? दर वेळी तो फोटो संगणकावर उघडते आणि बंद करते. तो गुडघ्यावर बसलाय, सोनी बापाच्या गळ्यात पडलीय, तिचा एक बूट निसटून मागे राहिलाय. छावणीनं तो भलामोठा करून मैदानाच्या कुंपणावर लावलाय. बायका येता-जाता मला म्हणतात, नशीबवान आहेस हो. मी हसते आणि काहीतरी कामाचं निमित्त काढून सटकते. तुझ्या दादानं तर छावणीत जायचा रस्ताच बदललाय. त्याला तो फोटो बघवत नाही.

माझं काम तुला ठाऊक आहे. ओळखपत्रांचे फोटो, बढतीचे, नव्या जवानांच्या शपथेचे, आणि तुकडी परत येते तेव्हाचे. हे शेवटचं काम माझं सगळ्यात लाडकं. बस फाटकातून आत वळल्या की एवढं गजबजलेलं मैदान चिडीचूप होतं. बायकांना नव्या चपला चावत असतात, पोरांच्या हातातले फलक उलटे असतात, म्हाताऱ्या आया कोपरं मारत पुढे घुसत असतात. गणवेश सारखे, भादरलेली डोकी सारखी. मग बायका चेहरा शोधतच नाहीत, चाल ओळखतात. मागच्या खेपेला एक पिटुकला धावत गेला आणि भलत्याच जवानाच्या पायांना बिलगला. त्या जवानानं त्याला उचललं आणि खरा बाप सापडेपर्यंत कडेवर घेऊन उभा राहिला. त्याला स्वतःला न्यायला कोणीच आलं नव्हतं. मूल परत दिल्यावर हातांचं काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून त्यानं आपली पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मला वाटायचं, जे काही बघायचं असतं ते सगळं या मैदानातच बघायला मिळतं.

मग एक दिवस रणगाडा चालवणाऱ्याची बायको स्टुडिओत फोटो न्यायला आली. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फोटो झकास आलाय हो. पण फोटोतला माणूस अजून घरी आलेला नाही."

मी दचकलेच. म्हटलं, "म्हणजे? गेले कुठे?"

"जातोय कुठे! सोफ्यावर बसलाय. पण बूट घालून."

आम्ही दोघी खो खो हसलो. मी विचारलं, मी तुमच्या घरी येऊ का कॅमेरा घेऊन? ती म्हणाली, या की, निदान तुम्ही आलात तर तो बूट तरी काढेल.

काढले नाहीत. पण तिथून मला नादच लागला. ज्यांच्या मिठ्या मी टिपल्या होत्या, त्यांच्या घरी महिनाभरानं जायचं. एकजण स्वतःच्याच दारासमोर गाडी बंद करून आत बसून राहिलेला. एकजण चमच्यासाठी स्वयंपाकघरातला एकेक खण उघडतोय, आणि बायको ओट्याशी उभी आहे, सांगू की नको अशा तोंडानं. एक पोरगी बापानं दिलेला खाऊ हातात धरून आईकडे बघतेय, घेऊ का म्हणून. नवरा-बायको तर एकमेकांशी असे बोलतात, जसे बँकेत समोरासमोर बसलेत. हे सगळे फोटो छावणीच्या प्रसिद्धी विभागातल्या साहेबांना दाखवले. भला माणूस. एकेक नीट बघितला आणि म्हणाला, "बाई, फोटो खरे आहेत. पण हे मी कुंपणावर कसे लावू?"

आता आमच्या घरचं सांगते. इतके दिवस फोनवर 'सगळं छान चाललंय' म्हणत होते, कारण फोन करते तेव्हा तो खोलीत असतो. नसला की बाहेर चालत असतो, पण कुठल्या क्षणी दारात उभा राहील सांगता येत नाही. जेवण झालं की चालायला, पेपर वाचला की चालायला. घरात असला की दुरुस्त्या. नळ इतके आवळून ठेवलेत की आंघोळीला जायचं तर आधी याला हाक मारावी लागते. सोनीच्या सायकलचं काही बिघडलेलं नव्हतं, तरी तीनदा खोलून झाली. बसतो तो दाराजवळच्या खुर्चीवर. त्याच्या येरझाऱ्यांची मला इतकी सवय झालीय की हे पत्र लिहिताना मीसुद्धा सारखी उठतेय. मगाशी एक गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला मी दुसऱ्याच कुणाचे फोटो देऊन बसले होते.

सोनीला शाळेतून आणायचं काम त्यानं आपणहून घेतलं. पहिल्या दिवशी ती नाचत आली, "आई, आम्ही हरवलो होतो!" मागून येणारी एक गाडी त्याला बरी वाटली नव्हती, म्हणून त्यानं गल्ल्या बदलल्या होत्या. पोरीला वाटलं खेळ आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्या आठवड्यात एकदा दोघं घामाघूम होऊन आले. तिनं दप्तर टाकलं आणि मला बिलगून म्हणाली, "उद्यापासून तूच ये ना मला न्यायला." तो माझ्या मागेच उभा होता, तिची पाण्याची बाटली हातात घेऊन. त्यानं बाटली विसळली, पालथी घातली आणि चालायला निघून गेला.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी ते घरोघरचे फोटो जेवणाच्या टेबलावर पसरून निवडत बसले होते. तो बाहेरून आला. एरवी माझ्या कामाकडे ढुंकून न बघणारा माणूस, पण त्या संध्याकाळी प्रत्येक फोटोपाशी थांबला. गाडीत बसलेल्या त्या माणसापाशी जास्तच. मग म्हणाला, "यात माझा कुठाय?"

मी म्हटलं, "तुझा नाही काढला."

"मग काढ ना."

आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला, ओळखपत्राला बसतात तसा ताठ. मी काढला. म्हणाला, "कसा दिसतोय?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुण्यासारखा." जीभ चावली मी. पण चिंगे, तो हसला. आल्यापासून पहिल्यांदा पोटातून हसला. "हो ना?" म्हणाला, "मला वाटलं, मलाच तसं वाटतंय." मग बराच वेळ बोलला. तिकडे प्रत्येक क्षणाला काय करायचं ते ठरलेलं असायचं. इथे कपाट उघडलं तरी सोनी म्हणते, बाबा, ते तिथे नसतं. तुमचं दोघींचं सगळं छान बसलेलं आहे, म्हणाला, मी मध्ये आलो की काहीतरी सांडतं. मी म्हटलं, सांडू दे. तो म्हणाला, तुला म्हणायला सोपं आहे. आम्ही भांडलोसुद्धा, अगदी नवरा-बायकोसारखे, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "चिंगीकडे जाऊन येऊ का काही दिवस?"

मी म्हटलं, जा. हे पत्र त्यासाठी आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि तो विचारत बसला असता, काय झालं, काय झालं. म्हणून शेजारच्या ट्रकवाल्या काकांच्या हातानं पाठवतेय, ते उद्या तुमच्याकडे माल घेऊन येताहेत. परवा तो निघेल. स्टेशनवर सगळ्या गोतावळ्याला घेऊन जाऊ नकोस, मिठीबिठी मारू नकोस, फोटो तर अजिबात काढू नकोस. दार उघड आणि आपलं काम करत राहा. त्याला परत कधी यायचं ते त्याचं त्यालाच ठरवू दे. परत येईन असं तो म्हणालाय, पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हता. मी खोटं कशाला बोलू, मला भीती वाटतेय. एक दिवस तो तुला विचारेल, तिनं मला पाठवून दिलं का गं? मला विचारणार नाही, तुलाच विचारेल. तेव्हा त्याला सांग की त्याचं जायचं ठरलं त्या दिवशी आपल्या घरी बायको एका खोलीत आणि मुलगी दुसऱ्या खोलीत, एकमेकींपासून लपून रडत होत्या. हे त्याला समोर बसवून सांगू नकोस, उठून जाईल. त्याच्याबरोबर चालायला जा, आणि चालता चालता सांग.

तुझीच,
वहिनी