परत करण्याचं कारण

प्रिय ताई,

फोनवर मी विषय बदलतो असं तू नेहमी म्हणतेस, म्हणून हे पत्र. कागदावर विषय बदलला तर निदान खाडाखोड दिसते. अक्षराला हसू नकोस, शाळेत मी किती टिकलो ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आधी खोलीचं सांगतो. दार अर्धंच उघडतं. अंग चोरून आत शिरायचं, शिलाई मशीनवर हात टेकायचा, तंबूच्या पिशवीवरून पाय टाकायचा, की थेट पलंग. खिडकीपुढे खोकी छताला टेकलीत, त्यामुळे ती मागच्या हिवाळ्यापासून बंदच आहे. काल घरमालकीण दारातूनच म्हणाली, काय रे, इथे तू राहतोस की सामान राहतं आणि तू राखण करतोस? मी हसलो. ती जिना उतरून गेल्यावर मात्र हसू आलं नाही. शिलाई मशीन कशाला, असं विचारशील. मला तर सुईही ओवता येत नाही. तेच सांगतोय.

गोदामातलं माझं काम तुला कधी धड सांगितलंच नाही. लोकांनी घरबसल्या मागवलेला आणि नंतर परत पाठवलेला माल आमच्याकडे येतो. खोकं उघडायचं, आतली चिठ्ठी वाचायची आणि माल त्या त्या रांगेत लावायचा. चिठ्ठीवर परत करण्याचं कारण असतं. रंग फोटोतल्यासारखा नाही. चुकून दोनदा मागवलं. एका बाईनं टेबलावरचा दिवा परत करताना लिहिलं होतं, नवऱ्याला दाखवला, तो काहीच बोलला नाही. त्या दिव्याकडे मी नुसता बघत बसलो, मुकादम ओरडेपर्यंत. असो, भरकटलो. तर ज्याचं खोकं फाटलंय असा माल शनिवारी जेवणाच्या सुट्टीत एका लांबलचक टेबलावर मांडतात. आम्ही हवं ते उचलायचं, स्वस्तात, आणि पैसे पगारातून हप्त्यानं कापले जातात. हप्ते फिटेपर्यंत काम सोडायचं नाही, अशी सही दर वेळी द्यायची. मला त्या नाकारलेल्या वस्तूंची दया येते गं. कुणालाच नको, मग मी घेतो. तीन महिन्यांसाठी आलो होतो इथे, दोन वर्षं झाली. जग फिरायचं म्हणून तीन सॅक घेतल्या आणि त्या फेडायला रोज त्याच एका रस्त्यानं जातो-येतो. तू मला भिंगऱ्या म्हणतेस. या भिंगऱ्याला कुणी बांधलं नाही, यानं स्वतःच दोरी विकत घेतली.

शेजारच्या टेबलावर एक मावशी आहेत. त्या सगळ्यांनाच झापतात, मला जरा जास्त. दोन महिन्यांपूर्वी मी एक टोस्टर उचलला, तर त्यांनी माझ्या हातात कोरी चिठ्ठी कोंबली. म्हणाल्या, हे तू उद्या परत करणार आहेस असं समज, आताच कारण लिही, मग खुशाल घे. वैतागून लिहिलं, मी घरी खातच नाही. टोस्टर ठेवून दिला. पुढच्या शनिवारी दुर्बीण. कारण, खिडकी उघडत नाही. मावशी म्हणाल्या, मेल्या, अक्षर कोंबडीचे पाय, पण कारण झकास. एकदा त्यांची नजर चुकवून चिठ्ठीशिवायच बूट घेतले, ते दोन्ही डाव्या पायाचे निघाले. आठवडाभर मला त्या डावखुऱ्या म्हणत होत्या. पण गेले तीन शनिवार रिकाम्या हातानं परतलोय. हात नुसते शिवशिवतात, खिशात कोंबून ठेवतो.

परवा टेबलावर पाळणा आला. लाकडी, एक दांडी जरा खरचटलेली. मी हात लावला आणि तुझ्या घरात तो कुठे राहील तेही ठरवून मोकळा झालो. मावशींनी चिठ्ठी पुढे केली. लिहायला बसलो, तर पेन हलेना. शेवटी लिहिलं, मामा स्वतः आला नाही म्हणून त्यानं हा पाठवला. मावशींनी वाचलं आणि चिठ्ठीची घडी करून माझ्या खिशात घातली. पाळणा तिथेच ठेवून मी कामाला लागलो.

आता खरं सांगतो. तुझ्या बाळंतपणाला यायला रजा मिळत नाही म्हणालो होतो ना, ते खोटं होतं. मुकादमानं एका शब्दावर दिली होती. तू तिकिटासाठी पाठवलेले पैसे मी त्याच संध्याकाळी बाजारात उडवले. कशावर ते विचारू नकोस, ते खोकं अजून फोडलेलंही नाही. भावोजी जहाजावर, तू दवाखान्यात एकटी जाणार, आणि तरी पुन्हा एकदाही ये म्हणाली नाहीस, हेच जास्त लागलंय. हप्ते संपायला अजून चार महिने आहेत, पण पंधरा दिवसांची रजा पुन्हा मागितली आणि मिळाली. या पाकिटात तिकिटापुरते पैसे साठवून घातलेत. माझ्याजवळ ते टिकणार नाहीत, म्हणून तुझ्याकडे पाठवतोय. तुझ्या तारखेच्या चार दिवस आधीचं तिकीट तूच काढ, आणि रद्द करता येत नाही असंच काढ. पोस्टाच्या पेटीकडे जायला बाजारातूनच जावं लागतं. म्हणून आज मावशी माझा दंड धरून सोबत येणार आहेत.

तुझाच,
भिंगऱ्या