एक कौतुक, एक चूक

४ मार्च

टाकला! माझा पहिला हायकू गटात टाकला. आता परत घेता येतो का ते सूनबाईला विचारायला हवं.

तिनेच मला त्या हायकूवाल्यांच्या गटात घातलं. ती वाचनालयात कामाला आहे, तिथे कुणीतरी तिला सांगितलं. सोफे-खुर्च्या शिवण्यात माझा जन्म गेला. आता हात कापतो, वाकडी सुई धरवत नाही, दुकान मुलाकडे दिलं. तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या. म्हणून तिने हे काढलं. मी म्हटलं, अगं, माझी सातवीसुद्धा धड नाही. ती म्हणे, बाबा, तीन ओळी तर आहेत. पाच, सात, पाच अक्षरं. बोटांवर मोजायची.

बोटं एका जागी राहिली तर मोजीन ना!

गटात देशोदेशीची माणसं आहेत, सगळी मराठीत लिहिणारी. मार्च लागला की वसंताचे हायकू. आपल्या खिडकीतून जे दिसलं तेच लिहायचं, मनाने रचायचं नाही. आणि एक जालीम नियम — दुसऱ्याचा वाचला की खाली एक कौतुक आणि एक चूक लिहायची. नुसतं 'वा वा' करून पळायचं नाही. गट एक मास्तरीणबाई चालवतात. शाळा सुटली, छडी सुटली नाही.

काय चूक निघेल या धास्तीने ताटावर बसलो नाही. ही म्हणते, काही बिघडलेलं नाही, जेवा.

५ मार्च

चूक आली. मधल्या ओळीत आठ अक्षरं! तीनदा मोजली होती मी. मास्तरीणबाईंनी कौतुकही लिहिलंय — "काथ्या हा शब्द आजवर कुणी आणला नव्हता." गॅलरीत एक खुर्ची पडून आहे, तिची बैठक फाटलीय, तिथलंच लिहिलं होतं. सुधारून परत टाकला —

जुन्या खुर्चीत
काथ्यामध्ये चिमणी
घर मांडते

हिला वाचून दाखवला. म्हणाली, "म्हणजे ती खुर्ची आता दुरुस्त करायची नाही, असंच ना?"

९ मार्च

गटात मला आता 'गादीवाले आजोबा' म्हणतात. रागवावं की काय ते कळेना. मुलगा म्हणतो, मानाने म्हणतात. असेल.

दुसऱ्यांच्या चुका काढणं फार अवघड आहे. सगळे शिकलेले. मी आपला कौतुक लिहितो आणि चुकीच्या जागी 'सापडली नाही' लिहितो. आज मास्तरीणबाईंनी त्याबद्दल टोकलं. आजोबा, शोधल्याशिवाय सापडत नाही म्हणे.

१२ मार्च

आज सापडली एक! खरी चूक, दुसऱ्याच्या हायकूत, मी स्वतः शोधलेली.

एक बाई आहे, 'खिडकीकाठची' नावाने लिहिते. तिने सकाळी टाकला —

एकच पान
धरून आहे फांदी —
मीही तशीच

मी लिहिलं — कौतुक: 'धरून आहे' हे फार चांगलं, हाताला लागतं. चूक: वसंत चालू आहे. सगळीकडे पालवी फुटली आहे. तुमच्याकडे पानं कशी गळतात? नियम आहे की दिसलं तेच लिहावं. जरा खिडकी उघडून बाहेर बघा.

दोनदा वाचून पाहिलं. शुद्धलेखन सूनबाईने बघितलं नाही, पण बरं वाटलं. आज भूक लागली.

१३ मार्च

खिडकीकाठचीचं उत्तर नाही. वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. बाकीचेही कुणी काही बोलत नाहीत. एरवी सकाळपासून नुसता किलबिलाट.

जास्त बोललो का? 'जरा' हा शब्द नको होता. 'बघा' ऐवजी 'बघावं' लिहायला हवं होतं.

१४ मार्च

मास्तरीणबाईंचा फोन आला. मी उभाच राहिलो. शाळेत राहायचो तसा.

रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. खिडकीकाठची पृथ्वीच्या पार खालच्या अंगाला राहते. आपल्याकडे वसंत असतो तेव्हा तिकडे पानगळ. तिच्या खिडकीतून दिसतं तेच ती लिहिते. आणि ती खिडकी तिच्या घराची नाही, दवाखान्याची आहे. पोटात बाळ आहे, ते टिकावं म्हणून डॉक्टरांनी तिला आडवं ठेवलंय. उठायचं नाही, चालायचं नाही. आधीचं राहिलं नाही तिचं.

"नियम मीच केलाय आजोबा, तुम्ही तो पाळलात," एवढं म्हणाल्या आणि ठेवला.

मीही तशीच. धरून आहे. आणि मी तिला म्हटलं, खिडकी उघडून बघा!

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पृथ्वी गोल आहे हे मला शाळेत सांगितलं होतं. खालच्या अंगाला झाडं कधी पान टाकतात, ते शिकवण्याआधीच मी दुकानात खिळे ठोकायला लागलो.

१५ मार्च

सूनबाईने लोडाच्या उशीभोवती दिवा फिरवून दाखवला. उशी म्हणजे पृथ्वी, ती कलती धरायची म्हणे. वर ऊन जास्त तेव्हा खाली कमी. कळलं. चार दिवस आधी कळलं असतं तर!

हिला सगळं सांगितलं. वाटलं, ही म्हणेल असू द्या. कुठली म्हणते! म्हणाली, "जगाला खिडक्या उघडायला सांगता, आणि आपली डास येतात म्हणून चारलाच लावून घेता." मग थोड्या वेळाने चहा आणून ठेवला आणि माफी मागा म्हणाली. तोंडात खिळे धरून बसल्यासारखे बसू नका.

काय लिहू पण? गटात सगळ्यांसमोर लिहू की तिला एकटीला? एकटीला लिहिलं तर घाबरेल, हा कोण म्हातारा म्हणून. सगळ्यांसमोर लिहिलं तर तिचं दुखणं चव्हाट्यावर येईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

१६ मार्च

सगळ्यांसमोरच लिहिलं, पण दवाखान्याचं नाव काढलं नाही. "माझी चूक चुकली. तुमच्याकडे पानगळ असते हे मला माहीत नव्हतं. माफ करावं. — गादीवाले आजोबा."

पाठवून फोन गादीखाली ठेवला.

१७ मार्च

उत्तर आलं! मला एकट्याला. इथे उतरवून ठेवतो.

"आजोबा, माफी कसली? चूक काढायचीच होती. मी रागावले नव्हते. गेले चार दिवस तपासण्या होत्या. फक्त एक सांगते, माझी खिडकी उघडत नाही. काच पक्की बसवलेली आहे. तुमची उघडते ना? मग रोज तुमच्या खिडकीतलं मला पाठवा. मी माझ्यातलं पाठवीन. तुमचा वसंत, माझी पानगळ."

जीव भांड्यात पडला. लगेच दुसरी धास्ती — रोज काय पाठवू? आमच्या खिडकीतून समोरची गच्ची, एक झाड आणि रस्त्याचा कोपरा दिसतो. त्यात रोज रोज नवीन काय असणार?

ही म्हणाली, चूक काढायची म्हटलं की माझ्यात रोज नवी काढता, आता झाडात रोज नवीन काढा.

१८ मार्च

पाठवला —

गच्चीवरती
वाळत्या चादरीला
कळीचा वास

तिने काढलेली चूक: इतक्या लांबून वास कसा आला? दिसलं तेच लिहायचं ना आजोबा! पोरीने पकडलं मला. खरंच वास आला नव्हता. आला असावा असं वाटलं होतं.

तिचा —

झाडूवाल्याने
ढीग केला पानांचा
वारा हसला

यात चूक नाही. मी खूप शोधली.

२२ मार्च

हल्ली मी सकाळी उठून आधी खिडकीशी जातो. समोरच्या झाडाला फांदीच्या टोकाला तांबूस काहीतरी आहे, इतकी वर्षं ते मी पाहिलं नव्हतं. दुकानात पाठ रस्त्याकडेच असायची. माणूस आयुष्यभर बैठका शिवतो आणि स्वतः बसून बघत नाही.

तिने विचारलं, पडून पडून कंबर धरली आहे, तुम्ही गादीवाले, काही सांगा. मी दोन वेळा खोडून लिहिलं. गुडघ्याखाली छोटी उशी, घडी केलेली चादर कमरेच्या खळग्यात. आणि आधी नर्सला विचार, माझं ऐकून काही करू नकोस, असं चार वेळा लिहिलं. तिने हसणारं तोंड पाठवलं. नर्स म्हणाली म्हणे, आजोबांना इकडेच बोलवा.

मी तिला कधीपासून 'तू' म्हणायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही.

२५ मार्च

चूक काढायचं आता दोघांनीही सोडलंय. मास्तरीणबाईंना सांगू नये.

२८ मार्च

आज तिने तीन ओळी लिहिल्या नाहीत, साधंच लिहिलं. खिडकीतलं झाड आता ओकंबोकं झालंय. ते शेवटचं पान रात्री गेलं. मी विचारू नये म्हणून बहुधा तिनेच आधी सांगितलं — आजोबा, पानाचं मनाला लावून घेऊ नका, मी घेतलेलं नाही.

मी घेतलं. तिला कळवलं नाही, पण घेतलं. दिवसभर काही सुचलं नाही. मुलाला दुकानात जाऊन उगाच चार गोष्टी सुनावल्या. तो म्हणाला, बाबा, सकाळपासून तुम्ही एकच टाचणी शोधताय, ती तुमच्या सदऱ्यालाच आहे.

३० मार्च

तिचं आलं नाही.

३१ मार्च

नाही. माझ्या दोन्ही हायकूंखाली निळी खूण नाही. म्हणजे वाचलेलंच नाही.

सूनबाई म्हणते, फोन संपला असेल. दवाखान्यात विजेला काय तोटा?

१ एप्रिल

मास्तरीणबाईंनाही काही कळलेलं नाही. त्यांनी फोन केला, उचलत नाही. त्यांचा आवाज ऐकून मला बरं वाटायचं ते वाटलं नाही.

आमचं झाड या दोन दिवसांत हिरवं झालं. अगदी लाज सोडून. मी खिडकी लावून घेतली. तिकडे काय झालं असेल, आणि मी इकडे पालवीची टिंगल पाठवायची तिला? आज लिहिणार नाही. उद्याही नाही.

हीच शेवटी रागावली. एरवी चिमटे काढते, आज खरं रागावली. खिडकी उघडली आणि म्हणाली, "ती फोन उघडेल तेव्हा तुमचं काही दिसलं नाही, तर तिला वाटेल आजोबाच गेले. त्या पोरीला आणखी एक घोर लावायचाय का?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मला वाटायचं काळजी फक्त मी करतो.

२ एप्रिल

पाठवला. पालवीचं नाव काढलं नाही —

आज सकाळी
खिडकीच पुसली
एवढंच गं

गटात टाकला, सगळ्यांसमोर. पाठोपाठ मास्तरीणबाईंनी त्यांच्या खिडकीतला टाकला. मग एकेक करून बाकीचे. कुणी कुणाचं कौतुक केलं नाही, चूक काढली नाही. नुसत्या खिडक्या, एकाखाली एक. बर्फ वितळतोय कुठे, कुठे सायकलवर धूळ, कुठे मांजर. मी सगळ्या हिला वाचून दाखवल्या. ही भाजी निवडत होती. निवडता निवडता थांबली, "अजून आहेत का?" म्हणाली.

३ एप्रिल

निळी खूण नाही. तरी पाठवला. चिमणीचाच.

४ एप्रिल

पाठवला. झोप लागते आहे, तेवढं बरं. ही म्हणते, लागते कसली, घोरता.

५ एप्रिल

सकाळी सूनबाई ओरडली, बाबा, निळ्या झाल्या! सगळ्या एकदम झाल्या होत्या. वाचलं तिने! पण उत्तर नाही. वाचलं आणि उत्तर नाही, म्हणजे काय समजायचं? चांगलं असतं तर माणूस लगेच सांगतं. वाईट असलं की शब्द शोधत बसतं.

ही म्हणाली, किंवा हात रिकामा नसतो.

आजचा पाठवताना अक्षरं मोजली नाहीत.

६ एप्रिल

आला. गटात, सगळ्यांसमोर —

काचपेटीत
बोट माझं सोडेना —
इवली नखं

मी पान शोधलं, फूल शोधलं, ऋतू शोधला. काही सापडेना. ही खांद्यावरून वाचत होती. तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "अहो, बाळाने तिचं बोट धरलंय." सूनबाईने समजावलं, वेळेआधी आलेल्या बाळांना उबेच्या पेटीत ठेवतात. वाढलं की बाहेर काढतात.

खाली तिने लिहिलं होतं — मुलगी आहे. थोडं थोडं दूध पिते. आजोबा, रोजचं पाठवायचं थांबवू नका, आता ऐकायला आम्ही दोघी आहोत.