दहा जणींची नळी

आई,

तुझ्या पायांना हात लावून सांगते, मी बरी आहे. मक्याची उगाली पोटभर मिळते. बाबांचे गुडघे कसे आहेत?

इथे उंच डोंगरावरच्या विरळ हवेत धावायला छाती बळकट हवी, म्हणून प्रशिक्षक प्लॅस्टिकच्या अरुंद नळीतून जोराने श्वास ओढायला लावतात. चढावर धाप खरंच कमी लागते. पण नळी एकच आणि तोंडं दहा. दुसरीची थुंकी ओठांना लागली की ओकारी येते.

माझ्याआधी नळी सोबतच्या चेप्कोरिरकडे असते. ती महिनाभर खोकते आहे. मी तसं सांगितलं, तर प्रशिक्षक म्हणाले, "समुद्रकाठच्या पोरी भारीच नाजूक." नळी पँटला पुसून त्यांनी माझ्यापुढे धरली.

जंतू मरावेत म्हणून मी ती चहाच्या उकळत्या पाण्यात टाकली. वाकडी झाली.

म्हणून प्रशिक्षकांनी शर्यतीच्या यादीतून माझं नाव काढलंय. बाबांना मीच येऊन सांगेन. उद्या चेप्कोरिरला दवाखान्यात नेते आहे.

तुझी लेक,
म्बेयू