गोळ्यावर काहीच अडकत नाही

३ ऑगस्ट २००२, शिरूर
पुण्याचे सर मला पीएच.डी.ला घेणार की नाही, ते ७ सप्टेंबरला तिथं मी देणार त्या सेमिनारवरून ठरणार. विषय: हायर होमोटॉपी ग्रुप्स, म्हणजे आकारावर काय अडकतं नि काय निसटतं याचं गणित. आमच्या कॉलेजात हा शब्द धड उच्चारणारा मी एकटा. महिना म्हणजे खूप झाला. रोज पहाटे अभ्यास. उद्यापासून.

७ ऑगस्ट
पुस्तक उघडलं. पहिला ग्रुप सोपा. गोळ्यावर दोऱ्याचा फास टाकला की निसटतो, म्हणून शून्य. सविताला भोपळ्यावर करून दाखवलं. म्हणाली, "निसटला व्हय? मग चिरू का आता?" बायकोला अमूर्त विचार झेपत नाही.

१५ ऑगस्ट, झेंडावंदनानंतर
शोध लागला. गोळ्यावर गोळा पिशवीसारखा चढवला तर निघत नाही, म्हणून दुसरा ग्रुप शून्य नाही. पण गोळ्याच्या पृष्ठभागाला मिती दोनच. तिसऱ्या मितीचं तिथं अडकणार कुठं? तिसऱ्यापासून पुढं सगळे शून्य. पुस्तकात यावर अख्खं प्रकरण आहे. वाचायची गरज उरली नाही.

२२ ऑगस्ट
स्टाफरूममध्ये शोध सांगितला, तर डिपार्टमेंटच्या ज्युनिअर प्रतिभा मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सर, तिसरा शून्य नाहीये. पुढच्या प्रकरणात तेच आहे, बसू या का?" मी म्हणालो, तुम्ही एफ.वाय.ला मॅट्रिक्स शिकवा, तिथंही पोरं झोपतात. सगळे हसले. त्यांचे डोळे भरले. म्हणजे पटलं. प्रिन्सिपॉलांना सांगून सेमिनारच्या दिवशी त्यांना चाचणी परीक्षेवर लावलं.

७ सप्टेंबर, परतीच्या एसटीत
शिक्रापूरला ट्रकांमागं गाडी थांबलीय, तेवढ्यात लिहितो. सरांनी विचारलं, एस-टूचा पाय-थ्री, म्हणजे गोळ्याचा तिसरा ग्रुप, किती? म्हणालो, शून्य, उघड आहे. त्यांनी पुस्तक पुढ्यात ठेवलं. "मोठ्यानं वाचा." वाचलं. शून्य नाही, अख्खे पूर्णांक. मी म्हणालो, छपाईची चूक दिसते. मागच्या बाकांवर हसू थांबेना. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही शिकवता ना कुठंतरी? पोरांचं वाईट वाटतं." मग म्हणाले, तुमच्या प्रतिभा मॅडम इथं रिफ्रेशर कोर्सला आल्या होत्या, पीएच.डी.ला त्यांना पाठवा.
एकंदरीत, ओळख चांगली झाली.

८ सप्टेंबर
सविताला सांगितलं, सर फार मागं लागले होते, मीच नको म्हणालो. संध्याकाळी घरी आलो तर ती फोनवर माहेरी, राहू गावी, आईशी बोलत होती. "न्हाई जमलं त्यांना. जमायचं नव्हतंच, मला ठावं हुतं. तोंडावर कशाला म्हणू? तेवढाच जीव रमत हुता."
मी उंबऱ्याबाहेर होतो. काढलेली चप्पल परत घातली. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं.