मापाच्या वरचा शेंगदाणा

गारगोटीजवळच्या आपल्या जुन्या शाळेतून,
श्रावण, पण उन्हाचा पत्ता नाही

तज्ज्ञ मार्गदर्शक सौ. निशिगंधाताई यांस,

संयोगिताचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात खडू आहे, तो चालवून घ्यावा). आपला गुडघा कसा आहे? कोल्हापूरच्या ऑफिसात फिरती खुर्ची मिळाली असं कळलं, तेव्हा त्यालाही आराम पडला असेल. इकडे सर्व क्षेम. आपली बदली झाल्यापासून मधल्या सुट्टीत डबा मी एकटीच खाते, कारण मुख्याध्यापक गणपतराव गुरुजींना बहुतेक वारी उपास असतो. असो.

पत्रास कारण आपली ‘मैत्रीतून गणित’ ही पुस्तिका. चित्रं फार सुंदर आहेत. त्यातली मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बेरजा करतात आणि एकाचंही नाक वाहत नाही. आमच्या दुसरीच्या वर्गात मात्र ‘आवडत्या मित्राशेजारी बसा’ या पहिल्याच कृतीला अर्धा वर्ग मेहकच्या बाकावर चढला (तिच्या वडिलांची, मौलाभाईंची, बेकरी आहे आणि तिच्या डब्यात खारी असते, मैत्रीची कारणं आपण पुस्तिकेत दिलेली नाहीत). वर्गात मुलं सतरा. जोड्या लावल्यावर विजयसिंह उरला आणि त्यानं असा गळा काढला, की शेवटी त्याची जोडीदार म्हणून मीच खाली बसले.

दुसरी कृती: दहा शेंगदाणे मित्रासोबत सारखे वाटून घ्या. उत्तर पाच-पाच, हे आपण पानाच्या तळाशी उलटं छापलं आहेच. ऋतुराजनं मुनव्वरला सहा दिले. का रे, म्हटलं, तर म्हणाला, “मित्राला मोजून द्यायचं व्हय, बाई? वर एक घालायचा की.” त्याच्या घरी म्हशी आहेत. आजी माप भरून दूध घातलं की वर एक धार सोडते. न सोडणाऱ्याला गावात चिक्कू म्हणतात. मुनव्वरच्या घरचीही रीत तीच, म्हणून त्यानं जास्तीचा परत केला आणि वर आणखी एक घातला. मग ऋतुराजनं तेच केलं. ‘घे’ आणि ‘न्हाय घेत’ करता करता दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. शेंगदाणे विजयसिंहानं खाल्ले. बाकीच्या वर्गाला वर एक घालण्याची ही रीत एकदम पटली.

दुसऱ्याच दिवशी साहेब तपासणीला आले (चांगल्या गोष्टी लागोपाठच घडतात). त्यांनी प्रेमानं विचारलं, तुझ्याकडं चार पेरू आहेत, मित्रानं तीन दिले, एकूण किती? मेहक म्हणाली, आठ. साहेबांनी वर्गाकडं पाहिलं, तर वर्गही एका सुरात आठ. “मित्र हाय न्हवं साहेब,” ऋतुराजनं समजावलं, “तीन म्हणून दिलं तरी वर एक असणारच की.” मी मध्ये पडून म्हटलं, समजा, देणारा मित्र नाही. “मग सात,” वर्ग म्हणाला, आणि साहेबांना असले मोजून देणारेच भेटत असतील, अशा किवेनं त्यांच्याकडं बघू लागला. साहेबांनी शेरा मारला: गणित कच्चं, शिक्षिकेस फेरप्रशिक्षणाची गरज. पाढे शिकवून केस पांढरे केले, त्याचा हा आहेर. तेव्हा येत्या शनिवारी कोल्हापुरात आपण मला मैत्री शिकवणार आहात. माझं केवढं भाग्य.

कळावे. लोभ असावा, माप आपल्या मर्जीचं.

आपली आज्ञाधारक प्रशिक्षणार्थी,
संयोगिता

ता. क. निशे, तिथंही म्हणे जोड्या लावून बसवणार. राधानगरी, चंदगडच्या बाया आपापल्या शाळेतल्या मैत्रिणी घेऊन येतील आणि मी विजयसिंहासारखी उरेन. मला तर गळाही काढता येणार नाही. शिकवणारीला तरी जोडीदार कुठं असते? तेव्हा माझ्यासाठी तुझ्याशेजारी जागा धर. एक उरलेली आणि दुसरी उरलेली मिळून जोडी होते, एवढं गणित माझं अजून पक्कं आहे. तू गेल्यापासून इथं करमत नाही गं.

आणखी एक. डबा दोघींचा आणते. तू पाव किलो शेंगदाण्याची चटणी सांगितली होतीस, तीही आणते. वजन करून बघायचं नाही.