विमानाच्या नाकावर चार नावं

वारजे, पुणे
३ मे २०००

चि. हेमास,
अनेक आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर आपण चिंचा चोखत बसायचो आणि तू वहीच्या पानाचं विमान करून माझ्या वेणीवर नेम धरायचीस, आठवतं? त्या आठवणीच्या भरात मी सुट्टीत सोसायटीतल्या मुलांना कागदी विमानं शिकवायला घेतली आणि पस्तावले.

तुझा मुलगा-सून कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेल्यापासून त्यांची अपूर्वा माझ्याकडे आहे, पण खाली कुणाशी बोलत नाही. म्हणून साई, रुपाली, पुष्कर आणि ती, अशा चौघांत मिळून एक विमान दिलं. वजन खाली ओढतं, पंख उचलून धरतात, हाताचा जोर पुढे नेतो, हवा अडवते, सगळं समजावलं. पण ऐकतंय कोण! तिघांनी वह्यांवरची नावाची लेबलं एकाच पंखावर चिकटवली. अपूर्वा पाहुणी, तिचं नाव कशाला, म्हणे! विमान गर्रकन वळून सेक्रेटरी दीनानाथांच्या गॅलरीत. संध्याकाळी फलकावर सूचना: ‘गच्चीवरून कागद टाकू नयेत. वय झालेल्यांनीही.’

अगदी वैतागले आहे. माझ्या कुरकुरीसकट लोभ असू दे.

तुझी,
नीरजाताई

नाशिक
९ मे २०००

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जन्मभर शाळेत शिकवलंस आणि चार पोरं आवरेनात? अपूर्वा रमत नसेल तर एकवीस तारखेला येऊन तिला घेऊन जाते. इथल्या शाळेत तिच्यासाठी जागा धरून ठेवली आहे. रागावू नकोस.

आणि लेबलं पंखावर कसली? नाकात चिंचोका खोचला तरच माझं विमान तुझ्या वेणीपर्यंत पोचायचं, विसरलीस?

मोठेपणाने सांभाळून घे.

तुझी,
हेमा

वारजे, पुणे
१६ मे २०००

चि. हेमास,
अनेक आशीर्वाद.

येऊ नकोस. चिंचोक्याची गोष्ट ऐकून लेबलं नाकावर एकावर एक लावायची ठरली, तर सगळ्यात वर कुणाचं यावरून पुन्हा भांडण! मी विमान फाडणारच होते, तेवढ्यात अपूर्वा म्हणाली, माझं सगळ्यात खाली लावा, भांडणारा एक तरी कमी होईल. साई ओशाळला. रुपालीने अपूर्वाचंच लेबल पहिलं, तळाशी चिकटवलं.

विमान सरळ गेलं. सरळ दीनानाथांच्याच गॅलरीत! ते परत द्यायला आले आणि म्हणाले, सूचना वाचता येत नसेल तर निदान नेम तरी चुकवा. गच्चीची किल्ली काढून घेतली ती घेतलीच. आता पोरं भर दुपारी माझ्या दाराशी अपूर्वाच्या नावाने ओरडतात. डोळा लागत नाही.

सोबतची चिंचांची पुडी तुला. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला मिळू दे. सोबतचं विमान सुनेला अमेरिकेला पाठव. लेबलं सोलू नकोस म्हणावं, लेकीचं नाव तळाशी आहे.

तुझी,
नीरजाताई